चिनार ‘नाही’ म्हणाला नव्हता

तुम्ही खोटं बोललात.

अकराच्या अकरा जण खोटं बोललात. सभाघराच्या पायऱ्यांवर उभं राहून, डोक्यावर पानांचे मुकुट चढवून, भर दुपारी सगळ्या गावासमोर तुम्ही सांगितलंत की झाड ‘नाही’ म्हणालं. मी काहीच म्हणालो नव्हतो. मला तोंड नाही. तोंड असतं तर त्या दिवशी मी जे बोललो असतो ते ऐकून तुमचे मुकुट खाली पडले असते. तुमची नावं मी घेत नाही. ती तुम्ही स्वतःच सभाघराच्या दगडावर कोरून घेतली आहेत. ज्याला वाचता येतं त्यानं जाऊन वाचावीत.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हा राग तुमच्यावर नाही. पण जे सांगायचं आहे ते गोड करून सांगता येणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी एक जुना चिनार आहे. आर्केडियाच्या डोंगरात मेलिसोस नावाचं गाव आहे. त्या गावाच्या चौकात, झऱ्याच्या काठी मी उभा आहे. वय चारशेच्या पुढे. सात धडधाकट पुरुषांनी हातात हात गुंफले तर कसाबसा माझा बुंधा त्यांच्या कवेत येतो. माझी सावली दुपारी अर्धा चौक झाकते.

मला कुणी लावलं, याच्या गावात तीन गोष्टी आहेत. एक म्हणते, जिच्यासाठी हजार जहाजं समुद्रावर गेली त्या हेलेनेनं लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्या केसांतली फुलांची माळ इथं रोवलेल्या एका काठीला टांगली आणि ती काठी रुजली. दुसरी म्हणते, तिच्या नवऱ्यानं युद्धाला जाताना मला लावलं. तिसरी म्हणते, माझ्या आत एक वनदेवी राहते, मी मेलो की तीही मरेल. खरं सांगू? एका पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, वरच्या डोंगरातून एक काटेरी गोंडा वाहत आला, चिखलात रुतला, त्यातलं एक बी उगवलं. तो मी. हेलेनेला मी पाहिलेलं नाही. वनदेवीही मला चारशे वर्षांत एकदासुद्धा भेटलेली नाही.

पण माणसांना झाड नुसतं झाड असून चालत नाही.

मी शंभर वर्षांचा झालो तेव्हा माझ्या बुंध्याला पहिल्यांदा लोकरीची पट्टी बांधली गेली. मग माझ्यापुढे दगडी ओटा आला. मग पुजारीण आली. मी हेलेनेदेवीचं झाड झालो. गावातल्या ज्या मुलींचं लग्न ठरतं त्या वसंतात रांगेनं येतात, माझ्या खालच्या फांदीला फुलांच्या माळा टांगतात आणि मुळांवर तेल ओततात. मुलींचे गाल लाल झालेले असतात. मला ते बघायला आवडतं. तेल मात्र आवडत नाही. तेलानं माती चिकट होते, मुळं गुदमरतात, मुंग्या येतात. तीनशे वर्षं मला कुणी विचारलं नाही, बाबा, तुला तेल हवं का पाणी?

आताची पुजारीण तिमारेता. ती सतरा वर्षांची असताना आली, आता तिच्या तोंडात चार दात आहेत. जीभ मात्र पूर्ण शाबूत आहे.

“अगं, हळू ओत!” ती मुलींवर ओरडायची. “देवीला न्हाऊ घालायचंय, तळायचं नाहीये!”

“आज्जे, नवरा चांगला निघेल ना गं?”

“झाडाला काय विचारतेस? त्याच्या आईला विचार. बिघडवलाय तिनंच.”

आणि सगळ्या मुली तोंडावर पदर घेऊन खिदळायच्या. असे ते दिवस.

माझे नियमही मोठे कडक होते. माझी फांदी तोडणाऱ्या गुलामाला पन्नास फटके. माझ्याखाली मेंढरं बांधायची नाहीत, विस्तव करायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की जो कुणी माझ्या सालीला हात लावून बसेल तो देवीला शरण आला. त्याला कुणी ओढून न्यायचं नाही, मालकानं नाही, शिपायानं नाही, सभेनंही नाही. पंचांनी त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मगच निकाल द्यायचा. या नियमाचा मला अभिमान होता. झाडाला पाय नसतात, ते कुणाच्या मदतीला धावून जाऊ शकत नाही. पण माझ्याकडे धावून येणाऱ्याला मी निदान जागा देऊ शकत होतो. एवढंच माझं बळ होतं, मित्रांनो. तेच त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं.

झऱ्यावर रोज सकाळी पाणी भरायला एक बाई यायची. तिला सगळे थ्राता म्हणत. थ्राता म्हणजे थ्रेस देशची. ते काही नाव नव्हे, पण लाखारेसच्या घरात गुलामांना नाव शोधत बसायला कुणाला वेळ नव्हता. लाखारेसचे बारा माग होते, थ्राता त्यातल्या सगळ्यात मोठ्या मागावर बसायची. तिच्यासारखं बारीक सूत अख्ख्या खोऱ्यात कुणी कातत नव्हतं. ती माळ आणत नसे, तेल आणत नसे. घडा भरला की पालथा हात क्षणभर माझ्या बुंध्याला लावायची आणि निघून जायची. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात ना, तसा.

तिच्याबरोबर मिक्का यायची. मिक्का म्हणजे छोटी. वय पाच. बाप कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मिक्काचं नाक आणि लाखारेसचं नाक एकाच साच्यातलं होतं, एवढंच सांगतो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आम्हा चिनारांची साल दर उन्हाळ्यात गळते. आम्ही आतून वाढतो, जुनी साल वाढत नाही, म्हणून ती तडकते, कडा उचलल्या जातात, आणि ऊन तापलं की मोठमोठे पापुद्रे टपाटप खाली पडतात. खालून नवी साल निघते, गोरी, गुळगुळीत. यात देव नाही, दानव नाही. तुमचे दुधाचे दात पडतात, तसंच.

मिक्काला हे ठाऊक होतं. ती ते पापुद्रे गोळा करायची आणि माझ्या मुळांत बसून भातुकली खेळायची. पापुद्रे म्हणजे ताटं. त्यात खडे वाढायची. खडे म्हणजे ऑलिव्ह.

“सिमिलोसआजोबा, जेवायला चला.”

सिमिलोस म्हातारा चांभार. चाळीस वर्षं तो माझ्या सावलीत, बुंध्याला लागलेल्या एकाच दगडावर बसून चपला शिवत होता.

“आज काय केलंयस गं?”

“ऑलिव्ह. कालचेच आहेत.”

“कुत्र्याची शपथ, माझ्या बायकोपेक्षा तू बरी. ती परवाचे वाढते.”

“ताट चाटू नका हं आजोबा. झाडाचं आहे. झाडानं कात टाकलीय.”

पाच वर्षांच्या पोरीला कळत होतं. आणि अकरा पंचांना कळलं नाही? की कळून घ्यायचं नव्हतं?

त्या वर्षी कडक उन्हाळ्यात लाखारेसकडे समुद्रापलीकडून एक पाहुणा आला. दोघांच्या बापांपासूनचा घरोबा. पाहुणा दहा दिवस राहिला, जेवला, प्यायला. निघताना त्याला भेट द्यायची रीत आहे. लाखारेसनं त्याला एक मडकं डोंगरातला मध दिला. आणि पाहुण्याच्या बायकोला नुकतंच मूल झालं होतं, पाळणा हलवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मिक्का दिली.

मध आणि मिक्का. एका दमात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थ्राता घडा न घेता आली. एका हाताला मिक्का, दुसऱ्या हातात सूत कातायची चाती आणि लोकरीचं बोचकं. ती माझ्या मुळांत बसली, पाठ माझ्या बुंध्याला टेकली, आणि मिक्काचा हात उचलून माझ्या सालीवर ठेवला.

सिमिलोसनं सुई थांबवली. “काय गं?”

“शरण आलेय, बाबा.”

म्हातारा आपल्या दगडावरून उठला. “मग तिथं मुळं टोचतील. इथं बस. चाळीस वर्षं घासून गुळगुळीत केलाय हा दगड, राजाच्या आसनाला भारी पडेल.”

तासाभरात लाखारेस आला. मागे दोन गडी.

“ऊठ, थ्राता. माग रिकामा पडलाय.”

“पडू दे, मालक.”

“पाहुण्याला शब्द दिलाय मी. पाहुणा म्हणजे झ्यूसचा माणूस. त्याला काय रिकाम्या हातानं धाडू?”

“मध दिलाय की. कमी वाटला तर आणखी एक मडकं द्या. माझी पोर मडकं नाही.”

“तुझी पोर?” लाखारेस हसला. “माझ्या घरात जन्मली ना? मग माझी.”

“हो,” थ्राता म्हणाली, “तुमचीच. म्हणूनच तर म्हणते, देऊ नका.”

लाखारेसचं नाक लालबुंद झालं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं आणि तिमारेता मध्ये आली. हातात झाडू. ती ओटा झाडत होती.

“लाखारेस, पुढं आलास तर हा झाडू कुठं बसेल ते मी सांगत नाही. देवीच्या माणसाला हात लावायचा नाही.”

“ती तुझी देवी लग्नाळू पोरींची आहे, म्हातारे. गुलामांची नाही.”

“देवीनं मला तसं सांगितलेलं नाही. तुला सांगितलं असेल तर पुरावा आण.”

लाखारेस परत गेला. त्याचा सासरा अकरा पंचांतला एक होता. ते नावही दगडावर आहे.

तीन दिवस थ्राता आणि मिक्का माझ्या आसऱ्याला होत्या. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले तीन दिवस. झऱ्यावर येणाऱ्या बाया घडा भरता भरता काहीतरी पडू द्यायच्या, जवाची भाकर, मूठभर अंजीर, बकरीच्या चीजचा तुकडा. “अगबाई, सांडलं वाटतं!” म्हणायच्या आणि वळून न बघता जायच्या. मिक्का पापुद्र्यांवर ते वाढून घ्यायची. खरंखुरं जेवण पहिल्यांदाच तिच्या ताटात आलं होतं. थ्राता दिवसभर कातत असायची. तिची मागणी साधी होती. आम्हा दोघींना झाडाची सेवेकरी करा. पानं झाडू, पाणी घालू, कुणाच्या घरात राहणार नाही.

मी मनात म्हटलं, पाणी घालणार! चारशे वर्षांत पहिलं माणूस!

दुसऱ्या दिवशी सभेचा निरोप आला. पंच झाडाखाली येणार नाहीत. बाईला काय सांगायचं ते तिनं सभाघरात येऊन सांगावं. उद्या दुपारपर्यंत आली नाही तर तिला म्हणायचंच काही नाही, असं धरलं जाईल.

सभाघर माझ्यासमोरच आहे, शंभर पावलांवर. पण शंभर पावलं म्हणजे माझ्या सालीवरून हात सुटला. हात सुटला की गडी उचलणार. दोन्ही बाजूंनी बांधून टाकलं तिला.

तिमारेताला जुनी रीत आठवली. तिच्या आधीच्या पुजारणीनं तिला सांगितलेली. शरण आलेल्यानं स्वतः धागा कातायचा. धागा सलग हवा, त्यात गाठ चालत नाही. एक टोक झाडाला, दुसरं आपल्या हातात. धागा हातात आहे तोवर माणूस झाडाला धरूनच आहे, जगाच्या टोकाला का जाईना.

“पुरेल का गं एवढा?” तिमारेतानं चातीकडे बघत विचारलं.

“पुरवते,” थ्राता म्हणाली.

तिनं तो दिवस आणि पुढची सकाळ कातलं. बोटांची कातडी गेली. ऊन डोक्यावर येईपर्यंत लोकर संपली. तिमारेतानं धागा चौकात अंथरून मापला. सभाघराच्या वरच्या पायरीपर्यंत बरोबर पोचत होता. पण माझ्याभोवती वेढा घालायला उरत नव्हता. माझा बुंधा सात माणसांच्या कवेचा! लोकर नाही, वेळ नाही, गाठ मारून जोडायचा नाही. पायरीवरून शिपाई ओरडला, “येतेयस का लिहू, आली नाही म्हणून?”

मग तिमारेतानं जे केलं ते पूर्ण श्रद्धेनं केलं. तिनं माझा बुंधा निरखला. छातीच्या उंचीवर एक मोठा, सुंदर पापुद्रा होता, पसरलेल्या पंज्याएवढा, वरची कड जराशी सुटून बाहेर आलेली. खुंटीच जणू. गाठ मारायची नाही, नुसते वेढे द्यायचे, तर याच्याहून चांगली जागा कुठली? तिनं धाग्याचे तीन वेढे त्या कडेत अडकवले, कपाळ टेकवलं आणि म्हणाली, “जा पोरी. देवीनं धरलंय.”

मित्रांनो, तो पापुद्रा तीन दिवसांपासून सुटत होता. मला ठाऊक होतं. माझ्या अंगावरचा होता, मला कळणार नाही? आतली नवी साल त्याला ढकलत होती. दोन बोटं जागा काय ती चिकटून राहिली होती. मी ओरडून सांगायला हवं होतं, तिथं नको, जरा खाली, खोडावरच्या त्या जुन्या गाठीला अडकव! ओरडायला काय आहे माझ्याकडे? वारा असता तर पानं तरी सळसळली असती. त्या दुपारी वाराही नव्हता.

थ्रातानं मिक्काला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात धागा धरला आणि चालायला लागली. अख्खं गाव दोन्ही बाजूंना. धाग्यावर पाय पडू नये म्हणून बायांनी पोरांना मागे ओढलं. सिमिलोस दाभण हातात घेऊन धाग्याच्या बाजूनं चालत होता, मेंढरू हाकलावं तशी कुत्री हाकलत.

ती वरच्या पायरीवर पोचली. धागा ताणून सरळ झाला.

“नाव?” पंचांतल्या सगळ्यात थोरल्यानं विचारलं.

“थ्राता.”

“ते नाव नव्हे. तो देश झाला.”

“इथं बारा वर्षं तेच चाललंय, मालक.”

कुणीतरी हसलं. थोरला हसला नाही.

“मालकानं मारलं? उपाशी ठेवलं?”

“नाही.”

“मग गाऱ्हाणं काय?”

“गाऱ्हाणं नाही. मागणं आहे. मी बारा वर्षं विणलं. तुम्ही आत्ता अंगावर जे पांघरून बसलाय ना, तेही मीच विणलंय. त्याबद्दल काही मागत नाही. फक्त ही पोर…”

मी तो पापुद्रा धरून ठेवायचा प्रयत्न केला. हसू नका. झाडानं साल धरायची म्हणजे काय करायचं, मला ठाऊक नव्हतं. मी मुळं आवळली. झऱ्यातून येणारं पाणी वर ओढलं, म्हटलं, चीक येईल, डिंक येईल, दोन बोटांची जागा चिकटून राहील, तिचं वाक्य पुरं होईपर्यंत तरी. आणि माझ्या पोटात राहणाऱ्या त्या वनदेवीला, जिला मी कधी मानलं नाही, तिला मी पहिल्यांदा हाक मारली. बाई, असशील तर ये बाहेर. तुला हात आहेत. धर तो धागा.

कुणी आलं नाही.

माणसाला शिंक धरवत नाही, तसं मला ते धरवलं नाही. पापुद्रा सुटला. टप्प. एवढाच आवाज. आणि धागा माझ्यापासून सभाघरापर्यंत हळूहळू धुळीत आडवा झाला.

थ्राता बोलायची थांबली. तिच्या हातातला धागा सैल पडला होता.

“आई,” मिक्का हळूच म्हणाली, “झाडाचं ताट पडलं.”

थोरला पंच उभा राहिला. “देवीनं हात सोडला.”

“अहो, साल आहे ती!” तिमारेता इकडून ओरडत, धापा टाकत निघाली. “दर उन्हाळ्यात गळते! लहान पोरालाही ठाऊक आहे! मीच मूर्ख, मीच चुकीच्या जागी अडकवला…”

“दर उन्हाळ्यात गळते,” थोरला शांतपणे म्हणाला. “खरं आहे, आजी. पण याच क्षणी का गळली? हाच पापुद्रा का? आणि तो तुमच्याच हातानं का निवडला गेला?”

तिमारेता चौकाच्या मध्यावरच थबकली.

ज्या बायांनी अंजीर सांडले होते त्या जमिनीकडे बघायला लागल्या. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्यांना पटलं. देवीनं सांगितल्यावर काय करणार? एकटा सिमिलोस म्हणाला, “कात टाकलीय हो त्यानं, कात!” एका पंचानं त्याला विचारलं, “चांभारा, तू कधीपासून देवीचं बोलणं ओळखायला लागलास?” लोक हसले. तो खाली बसला.

लाखारेसच्या गड्यांनी मिक्काला कडेवरून काढून घेतलं. थ्रातानं आरडाओरडा केला नाही. ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. ती विचारत होती. तू? तू सोडलंस?

त्याच दुपारी पाहुणा निघाला. गाढवाच्या एका बाजूच्या टोपलीत मधाचं मडकं, दुसऱ्या टोपलीत मिक्का. मडकं जड, मिक्का हलकी. गाढव एका अंगाला झुकायला लागलं. म्हणून तिच्या टोपलीत तीन दगड घातले. तोल सांभाळला गेला. ते माझ्या सावलीतूनच गेले. रस्ता तिथूनच आहे.

संध्याकाळी तिमारेता आली. माझ्या उघड्या पडलेल्या गोऱ्या सालीवर हात ठेवून तिनं विचारलं, “खरं सांग. तू होतास का तो?” चाळीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं. आणि मी नेहमीसारखाच उभा राहिलो. ती उभ्या उभ्या रडली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. झाडते, तेल ओतू देते, निघून जाते.

मग माझं भाग्य उजळलं! बोलणारं झाड म्हणून मेलिसोसचं नाव डोंगरापलीकडे गेलं. माझ्याभोवती कांस्याचं कुंपण आलं. तेल दुप्पट झालं. सभेनं दगडावर नियम कोरला की यापुढे कठीण खटल्यांत धागा छातीच्या उंचीवर, सालीत अडकवायचा. धागा सुटला तर देवीचा नकार, टिकला तर होकार. खाली अकरा नावं.

आणि गंमत बघा. ज्या खटल्यात मोठ्या लोकांना नकार हवा असतो, तो कडक उन्हाळ्यात लागतो. ज्यात होकार हवा असतो, तो हिवाळ्यात. हिवाळ्यात माझी साल गळत नाही. पंचांच्या घरची जमीन, पंचांच्या जावयाचा वारसा, सगळं हिवाळ्यात. गुलाम, परदेशी, विधवा, सगळे उन्हाळ्यात. नऊ वर्षांत एकही खटला चुकीच्या ऋतूत लागलेला नाही. म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे! साल का गळते, कधी गळते, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पहिल्या वेळी चूक झाली असेल, मानतो. नंतरच्या नऊ वर्षांचं काय?

तेलानं माझी उत्तरेकडची मुळं कुजली आहेत. बुंध्यात पोकळी पडते आहे. पण ते राहू द्या. म्हातारपण आहे.

थ्राता परत मागावर बसली. सकाळी पाणी भरायला येते. पहिलं वर्षभर तिनं मला हात लावला नाही. घडा भरायचा, पाठ फिरवायची. पण तिचं बघणं चालू होतं. उन्हाळ्यात एकदा पापुद्रा पडला, ती थांबली, तो उचलला, मागून पुढून पाहिला. दुसरा उचलला. तिसरा उचलला. मग माझ्याकडे बघून बारीक आवाजात म्हणाली, “तू नव्हतास.”

मित्रांनो, त्या दोन शब्दांवर मी अजून उभा आहे.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती एक धागा घेऊन आली. मागाखाली पडलेली लोकर चिमूट चिमूट जमवून महिनोन्महिने कातलेला. या वेळी तिनं तो पापुद्र्यात अडकवला नाही. कुंपणाच्या आत शिरून माझ्याभोवती पूर्ण वेढा घातला. पूर्ण, सात माणसांच्या कवेचा. गाठ मारली नाही, टोकाला टोक पिळून एक केलं. शिपायानं हटकलं तर म्हणाली, “देवीला पट्टी बांधतेय.” तो म्हणाला, “बांध बाई.”

तेव्हापासून आठ उन्हाळे गेले. धाग्याखालून, धाग्यावरून माझी साल गळली. धागा थोडा खाली सरकला आणि मुळांच्या खांद्यावर बसला. पावसानं काळा पडला. पण सुटला नाही. थ्राता रोज कुंपणातून तिथं हात लावते आणि जाते.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादं झाड असेल. त्याला तेल नको, पाणी घाला. त्याच्याभोवती कुंपण घालण्याआधी त्याच्या मुळांना जागा ठेवा. आणि एखादा मोठा माणूस उभा राहून म्हणाला, झाडानं असं सांगितलं, तर हात वर करून विचारा, केव्हा सांगितलं? कुणाला? आम्ही इथंच होतो, आम्हाला कसं ऐकू आलं नाही?

आता परत तुमच्याशी, अकरा जणांशी. तुमच्याच दगडावरच्या तुमच्याच नियमानं बोलतो. सुटलेला धागा म्हणजे नकार, टिकलेला धागा म्हणजे होकार. थ्राताचा धागा आठ वर्षं टिकला आहे. तिचं मागणं एकच होतं, ते तुम्ही पायरीवर ऐकलं आहे, अर्धं का होईना. गेल्या महिन्यात सिमिलोस काठी टेकत सभाघरात आला आणि त्यानं तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही म्हणालात, विचारल्याशिवाय बांधलेला धागा मोजत नाहीत.

कोण मोजत नाही? देवी की तुम्ही?

शंभर पावलं आहेत. खाली उतरा. या, हात लावून बघा. आणि मग गावासमोर, त्याच पायरीवर उभं राहून सांगा. मला नाही, तिला सांगा. ती घडा भरून उभी आहे.

मिक्का कुठे आहे?